काळी माती जाडीला जुमानत नाही

मे महिना लागला की नागपूरच्या लेआउटांमध्ये एक सल्ला घरोघर फिरू लागतो. गेटपासून पोर्चपर्यंतचं काँक्रीट कुठे फुटलेलं असतं, कुठे कडेला खचलेलं असतं, कुठे मधोमध उचललेलं असतं, आणि पावसाळ्याआधी ते नीट करायची घाई असते. सल्ला असा: "मागच्या वेळी चारच इंच टाकलं, म्हणून फुटलं. आता सहा इंच टाका, दुहेरी जाळी टाका, पुन्हा बघायला नको." ठेकेदार हेच सांगतो, शेजारी हेच सांगतात, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओळखीचे साहेबही मान डोलावतात. वर पुरवणी जोडली जाते की नागपूरचं ऊनच असं, त्यात काँक्रीट फुटणारच. आणि आपल्याकडे परदेशासारखा बर्फ थोडाच पडतो, मग खाली खोल खणून पैसे पुरायचे कशाला?

या सल्ल्यातला एकही निष्कर्ष खरा नाही. तो देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही; बहुतेक जण मनापासून सांगतात. पण या सल्ल्यावर विसंबून माणसं भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढून तेच अंगण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फोडतात आणि पुन्हा त्याच मातीवर तसंच काँक्रीट ओततात. म्हणून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद व्हायला हवा.

आधी जाडीचा हिशेब करू. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो. चार इंचांचा थर म्हणजे चौरस मीटरवर साधारण २४० किलो, सहा इंचांचा म्हणजे ३६० किलो. दोन इंच वाढवून आपण मातीवर चौरस मीटरमागे १२० किलो जास्त ठेवले. आता खालून काय येतं ते पाहा. काळी माती ओली होताना तिला फुगू दिलं नाही तर ती वरच्या वस्तूला ढकलते, आणि तो दाब प्रयोगशाळेत मोजता येतो. भारी काळ्या मातीत तो चौरस मीटरला पाच टन सहज भरतो, पुष्कळदा त्याहून बराच जास्त. पाचच टन धरले तरी नुसत्या वजनाने त्या मातीला दाबून ठेवायला दोन मीटर, म्हणजे जवळपास सात फूट जाड काँक्रीट लागेल. चार इंच आणि सहा इंच यांतला फरक त्या मातीच्या खिजगणतीतही नाही. गाडीचं वजन आहे ना, असं कोणी म्हणेल. छोटी गाडी एक-सव्वा टनाची, तीही चार चाकांच्या चार तळहाताएवढ्या ठिपक्यांवर, आणि दिवसभर ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते.

ही माती एकमजली घरांच्या भिंती उचलून तडकवते, हे विदर्भात कोणाला नवीन नाही. त्यासाठीच रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कंद असलेले पाइल विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण तिथवर ऋतूप्रमाणे ओलावा बदलतो आणि त्याखाली माती बरीचशी स्थिर असते. घर जिथे पाय रोवायला साडेतीन मीटर खाली जातं, तिथे अंगणाने दोन इंचांच्या जोरावर टिकून राहावं ही अपेक्षा कुठून आली?

जाळीचंही तसंच. लोखंड काँक्रीटला तडा जाऊ देत नाही, ही समजूत चुकीची आहे. लोखंड तडा गेल्यावर त्याच्या दोन बाजू धरून ठेवतं, आणि तेही ते योग्य उंचीवर असेल तर. अंगणाच्या कामांत जाळी मातीवर अंथरतात, वर काँक्रीट ओततात, आणि मध्येच कोणीतरी आकड्याने ती दोन-चार जागी उचलल्यासारखं करतो. मग ती तळाशीच राहते, काँक्रीटच्या बाहेर, ओल्या मातीत गंजत. शिवाय काळ्या मातीवर स्लॅब कधी मधून उचलला जातो, कधी कडेने; एकदा ताण वरच्या अंगाला येतो, एकदा खालच्या. दुहेरी जाळी, नीट टेकूवर ठेवलेली, थोडं धरेल. पण वर-खाली होणारी जमीन ती थांबवत नाही. ती स्लॅबला एकसंध ठेवते आणि मग सगळा स्लॅबच वाकडा होतो, पाण्याचा उतार घराकडे फिरतो. तेव्हा वाटतं की यापेक्षा तडा परवडला असता.

ही माती वागते कशी, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला सांगायला नको. बारीक चिकणमातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पापुद्र्यांचं असतं. पाणी पापुद्र्यांमध्ये शिरलं की माती फुगते, गेलं की आकसते. उन्हाळ्यात भारी रानात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात आणि मिरगाच्या पावसात त्या मिटतात. लेआउट पडलं, सात-बारावरचं पीक गेलं, रजिस्ट्री झाली, म्हणून त्या मातीचा स्वभाव गेला नाही. बेसा-बेलतरोडीकडे शेतं मोडून घरं झाली, तिथल्या अंगणाखाली आजही तेच रान आहे.

वर काँक्रीट टाकलं की गोष्ट आणखी गुंतते. मधल्या भागाला ऊन लागत नाही, बाष्पीभवन थांबतं, तिथे ओल टिकून राहते. कडेची माती मात्र उघडी असते. मे महिन्यात ती कोरडी होऊन आकसते आणि कडेचा आधार जातो. जुलैत ती फुगते आणि कड वर उचलते. मध्य जागेवर आणि कड हलती, यामुळे कडेपासून दोन-तीन फूट आत, कडेला समांतर असा लांब तडा जातो. नागपुरातल्या कोणत्याही जुन्या कंपाउंडमध्ये भिंतीलगत हा तडा शोधा, सापडेल. तो मातीने लिहिलेला असतो, उन्हाने नाही.

उन्हाचाही हिशेब होऊन जाऊ द्या, कारण "ऊनच असं" या वाक्याखाली इथे सगळ्या चुका झाकल्या जातात. काँक्रीट एका अंशाला मीटरमागे साधारण एका मिलिमीटरचा शंभरावा भाग प्रसरण पावतं. सहा मीटर लांबीचा स्लॅब चाळीस अंशांच्या फरकाने फार तर अडीच मिलिमीटर वाढतो. सुकताना होणारं आकुंचनही तेवढंच किंवा थोडं जास्त. हे दोन्ही खरे आहेत आणि दोन्हींचा उपाय ठरलेला आहे: आठ-दहा फुटांवर सांधे कापायचे, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढे खोल, आणि तेही काँक्रीट घट्ट होताच, उन्हाळ्यात त्याच रात्री. भिंत आणि पोर्चच्या कॉलमला लागून पट्टी घालून मोकळीक ठेवायची. उन्हाचा तडा बहुधा आडवा असतो आणि ऋतू बदलला तरी त्याची रुंदी फारशी बदलत नाही. मातीचा तडा मेमध्ये रुंदावतो, ऑगस्टमध्ये मिटतो, आणि त्याच्या दोन बाजू वरखाली झालेल्या असतात. तड्यावर दोन्ही अंगांना पेन्सिलची खूण करा, शेजारी तारीख लिहा, दोन ऋतू पाहा. ठेकेदाराला विचारण्याआधी जमिनीलाच विचारलेलं बरं.

आता बर्फाचा मुद्दा. नागपूर गोठत नाही हे खरंच आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे ३.५ अंशांची नोंद झाली, तेव्हाही शून्य बरंच लांब होतं. टोरंटोला, शिकागोला मुलांकडे जाऊन आलेले आई-वडील तिथले सरळ, सपाट ड्राइव्हवे पाहून येतात आणि म्हणतात, त्यांची गोष्ट वेगळी. मला वाटतं, गोष्ट वेगळी नाही. फार जवळची आहे.

तिकडे जमीन गोठली की वर उचलते आणि वसंतात वितळली की खचते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून जमीन उचलते, असं वर्षानुवर्षं समजलं जात होतं. १९२९-३० च्या सुमारास स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने पाण्याऐवजी बेंझीन वापरून प्रयोग केले. बेंझीन गोठताना फुगत नाही, आकसतं. तरीही माती उचलली. म्हणजे उचलणारी गोष्ट होती खालून शोषून वर ओढलं जाणारं द्रव आणि त्याचे मातीत वाढत जाणारे थर. गोठलेल्या जमिनीच्या उचलीला तीन गोष्टी लागतात: बारीक कणांची माती, पाणी आणि थंडी. थंडी कोणाच्या हातात नाही. म्हणून तिथले लोक उरलेल्या दोन गोष्टींवर काम करतात. बारीक माती काढून टाकतात, खडीचा निचरा होणारा थर दाबून बसवतात, पाणी बाहेर काढतात. काँक्रीटमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे ठेवतात, ते वरचा पापुद्रा सोलू नये म्हणून. आणि घराच्या ड्राइव्हवेची जाडी? साधारण चार-पाच इंच. जिथे जमीन दर हिवाळ्यात गोठते, तिथेही माणसं जाडीवर विसंबत नाहीत.

आपल्याकडेही तीन गोष्टी आहेत: फुगणारी माती, पाणी आणि ऋतूंचा फेरा. मार्च ते जून होरपळ, मग चार महिन्यांत वर्षाच्या सरासरी अकराशेएक मिलिमीटर पावसातला बहुतांश पाऊस. ऋतू बदलता येत नाहीत. उरल्या माती आणि पाणी. मात्र तिकडची पद्धत डोळे झाकून उचलू नका, कारण तत्त्व तेच असलं तरी माल उलटा लागतो. तिकडे खालचं पाणी निघून जावं म्हणून मोकळी खडी घालतात. आपण काळ्या मातीत खड्डा करून त्यात मोकळी गिट्टी किंवा कन्हान नदीची रेती भरली, तर पाणी त्या रेतीतून झपाट्याने उतरतं, खालच्या चिकणमातीवर साचतं, आणि पावसाळाभर त्या मातीला पाजत राहतं. "खाली एक फूट रेती भरा, रेती फुगत नाही" हा सल्लाही इथे सर्रास मिळतो. रेती फुगत नाही हे बरोबर. पण ती खालच्या मातीला फुगवते.

काळ्या मातीवर हवा तो दाबलेला मुरूम. थोडी चिकट, पण न फुगणारी अशी माती, थराथराने पाणी मारून कुटलेली. यामागे मोठं काम आहे, आणि तेही आपल्याच राज्यातलं. आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ संशोधन केलं. त्यांनी दाखवलं की फुगणाऱ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर असेल, तर खालची माती भिजूनही वरची पातळी जवळपास हलत नाही. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर हे तंत्र वापरलं गेलं, आणि फुगणाऱ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरीकरणाच्या भारतीय मानकात, आयएस ९४५१ मध्ये, ते आलं. रस्त्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा मातीवर साठ सेंटिमीटर ते एक मीटर थर सुचवलेला असतो. घरच्या अंगणाला एवढं नको म्हणाल, तर दीड फूट तरी द्या. भार हलका आहे. दीड फुटाने सगळी हालचाल थांबणार नाही, पण ती कमी आणि सारखी होईल. स्लॅबला मोडते ती उंचसखल, विषम हालचाल.

बेसॉल्ट झिजून झालेला मुरूम नागपूरच्या आसपास मिळतो, हे आपलं भाग्य. शहर दख्खनच्या लाव्हा-पठाराच्या पूर्व टोकाला वसलेलं आहे; सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स हा बेसॉल्टच. म्हणूनच सगळ्या नागपूरला एकच पोथी लावणं चूक आहे. टेकडीच्या अंगाला फावडं मारताच मुरूम लागतो, तिथे चार इंचांचं काँक्रीट वर्षानुवर्षं टिकतं, आणि तिथला मालक खालच्या लेआउटमधल्या नातेवाइकाला छातीठोकपणे सांगतो की आम्ही काहीच केलं नव्हतं. त्याचं खरं असतं. त्याच्या जमिनीने केलं होतं.

मग आपल्या प्लॉटखाली काय आहे हे कसं कळावं? अमरावती रोडवर देशाच्या मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय आहे, शहरात व्हीएनआयटी आहे, माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. पण पहिली चाचणी घरी होते. आयएस २७२० च्या चाळिसाव्या भागात ती दिलेली आहे. पूर्ण वाळवलेली, कुटून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती मापाच्या दोन नळकांड्यांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल शंभर मिलिलिटरच्या खुणेपर्यंत. ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतली मातीची उंची मोजा. पाण्यातली रॉकेलमधलीच्या दीडपटीपेक्षा कमी असेल तर काळजी कमी. दुप्पट किंवा त्याहून जास्त असेल, तर मुरमाशिवाय काँक्रीट ओतणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मापाची नळकांडी शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतात. लाखभराच्या कामाआधी एक दिवस थांबायला कोणाचीही हरकत नसावी.

मुरूम टाकायचा तर नीट टाका. वरची काळी माती काढून बाहेर न्या. तीच परत "भरण" म्हणून कंपाउंडच्या दुसऱ्या कोपऱ्यात पसरवली जाते, तसं होऊ देऊ नका. खड्ड्याचा तळ बाहेरच्या अंगाला उतरता ठेवा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, हलकं पाणी मारून, छोट्या रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. एकदम दीड फूट ओतून वरून धुम्मस मारला तर वरचे चार इंच दबतात आणि खालचं मोकळं राहतं. मुरूम मिळत नसेल किंवा खोदाई झेपत नसेल, तर काळ्या मातीतच चार-पाच टक्के चुना मिसळून, ओलावून, मुरवून दाबणं हा दुसरा रस्ता. चुना या मातीचं फुगणं खरोखर कमी करतो. पण तो मिसळायला मेहनत लागते. वरून पांढरी रांगोळी घातल्यासारखा भुरभुरवला तर काहीही होत नाही.

दुसरी बाजू पाण्याची, आणि इथे प्रतिपक्षाचा सर्वांत तगडा मुद्दा येतो. ते म्हणतात, मातीला पाणी मिळणंच बंद करू. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं काँक्रीट करून टाकू, मग फुगणार कशाने? विचार म्हणून हे चुकीचं नाही. ओलावा स्थिर ठेवणं हेच खरं उत्तर आहे, यात मी त्यांच्याशी सहमत आहे. पण काँक्रीटचं झाकण ओलावा स्थिर ठेवू शकत नाही, कारण पाणी वरून कमी आणि बाजूने जास्त येतं. गच्चीचा पाइप थेट स्लॅबच्या कडेशी सोडलेला असतो. एसीचं पाणी ठिबकत असतं. आरओचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना, आणि कुंड्या स्लॅबच्या कडेला. सेप्टिक टँकचा सांधा झिरपतो. कंपाउंडच्या पलीकडे शेजाऱ्याची बाग रोज भिजते. जिथे हे पाणी मुरतं तिथे माती उन्हाळ्यातही फुगलेली राहते, दहा फुटांवर ती आकसते, आणि स्लॅब या दोहोंमध्ये मोडतो. झाकणामुळे गळती दिसत मात्र नाही.

म्हणून काँक्रीटच्या आधी पाइप. गच्चीचं पाणी बंद नळीने कडेपासून लांब न्या. अंगणाचा उतार घराकडून बाहेर, पन्नास फुटांना एक फूट तरी. कडेला फूट-दीड फूट खोल विटांची किंवा काँक्रीटची दाढ उतरवा, तिला बाहेरून जाड प्लास्टिक लावा, म्हणजे कडेखालच्या मातीचा ओलावा उन्हाळ्यात एकदम उडत नाही आणि पावसाळ्यात एकदम शिरत नाही. कडेला समांतर जाणाऱ्या त्या तड्यावर माझ्या माहितीत याहून स्वस्त उपाय नाही.

कडुनिंबाचा प्रश्न याच ठिकाणी येतो. उन्हाळ्यात झाड आपल्या घेराखालची माती कोरडी करतं आणि तिथे अंगण खचतं, हे खरं. म्हणून झाड तोडा म्हणणारे हे सांगत नाहीत की झाड गेल्यावर ती कोरडी माती ओल धरू लागते आणि पुढची काही वर्षं फुगत राहते. खचलेलं अंगण मग उचललं जातं. झाड राहू द्या, त्याच्याभोवतीची जागा उघडी ठेवा, काँक्रीट त्याच्यापासून दूर थांबवा. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिले होते ते झाडांच्या जिवासाठी. आपल्या अंगणाच्या हितासाठीही तेच योग्य आहे.

आणि रस्ता. गेल्या काही वर्षांत शहरभर सिमेंटचे रस्ते झाले. पुष्कळ गल्ल्यांत ते जुन्या डांबरावरच चढवले गेले आणि घरं खाली राहिली. पूर्वी गेटचा रॅम्प रस्त्याकडे उतरायचा, आता तो घराकडे उतरतो. रस्त्याचं पाणी पोर्चखाली येतं आणि मुरतं. त्यावर लोक रॅम्प आणखी पुढे, रस्त्याच्या गटारावर ओढतात, गटार बुजतं, आणि पाणी शेजाऱ्याकडे वळतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. तो पूर अंगणांमुळे आला असं मी म्हणणार नाही. पण शंभर मिलिमीटर पावसात दहा बाय तीस फुटांचं झाकलेलं अंगण जवळजवळ २,८०० लिटर पाणी बाहेर ढकलतं. लेआउटमधल्या प्रत्येक प्लॉटने तेच केलं तर नाल्यावर काय येतं, हा गुणाकार महापालिकेनेही करावा आणि आपणही. रस्त्याचं काम सुरू होण्याआधी गल्लीतल्या लोकांनी एकत्र जाऊन रस्त्याची अंतिम पातळी लेखी मागावी. काम झाल्यावर रॅम्प फोडत बसण्यापेक्षा ते सोपं आहे.

सगळं झाकून टाकण्याऐवजी काय करावं? भारी काळ्या मातीवर सलग काँक्रीटपेक्षा मुरमावर बसवलेले पेव्हर ब्लॉक मला केव्हाही बरे वाटतात. त्यांच्यावरही टीका होते की लाटा येतात, मधून गवत उगवतं. लाटा येतात, कारण तेही बहुतेक वेळा काळ्या मातीवर दोन इंच चुरी पसरून बसवलेले असतात. पण लाट आली तर तेवढे ब्लॉक उचलून, खालचं भरून, तेच ब्लॉक परत बसवता येतात. काँक्रीटमध्ये ही सोय नाही. अट एकच: कडेला पक्की कर्ब हवी, नाहीतर ब्लॉक बाजूला पांगतात.

काँक्रीटच करायचं असेल तर करा, चार-पाच इंच पुरे, पण ते काँक्रीट असू द्या. मिस्त्रीला दोष देऊन उपयोग नाही. भर उन्हात, घमेली वाहणाऱ्या बिगाऱ्यांच्या वेगाने काम संपवायला त्याला सांगितलेलं असतं, आणि माल घट्ट वाटला की तो पाणी वाढवतो. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस लिटरच्या वर पाणी गेलं की ताकद घसरते आणि आकुंचन वाढतं. रेती ओली असेल तर पाणी त्याहूनही कमी हवं. मे महिन्यात दुपारी ओतूच नका, संध्याकाळी ओता. तराई दोन दिवस करून थांबू नका. आयएस ४५६ प्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस हवी, आणि आज बाजारात मिळणाऱ्या राख मिसळलेल्या सिमेंटला चौदा दिवस दिले तर उत्तम. ओल्या गोणपाटांना खर्च काहीच नाही. लक्ष मात्र द्यावं लागतं.

दुरुस्तीबद्दलही एक घातक सल्ला रूढ आहे: पावसाळ्याआधी तडे सिमेंटच्या घोळाने भरून घ्या. मे महिन्यात तडा सर्वांत रुंद असतो. तेव्हा त्यात कडक सिमेंट कोंबलं, तर जुलैत माती फुगल्यावर त्याला मिटायला जागा उरत नाही आणि शेजारी नवा तडा जातो. तडा साफ करून लवचीक सीलंट किंवा बिटुमेनचं भरण घाला, आणि तेही दिवाळीनंतर, जेव्हा माती ना फार फुगलेली असते ना फार आकसलेली. फुटलेल्या स्लॅबवर दोन इंचांचा नवा कोबा ओतणं हा तर शुद्ध तोटा. खालचा तडा काही महिन्यांत त्याच रेषेवर वर येतो. ज्या भागात दोन बाजू वरखाली झाल्या आहेत तो कापून काढा, खालचं पाणी कुठून येतं ते शोधा, काळी माती उपसा, मुरूम भरा आणि तेवढाच भाग नव्याने टाका.

शेवटचा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी हलका मानत नाही. दहा बाय तीस फुटांच्या अंगणात दोन इंच जास्त काँक्रीट म्हणजे पन्नास घनफूट, अर्धा ब्रास, वर दुसरी जाळी. दीड फूट खोदून मुरूम भरायचा म्हणजे साडेचार ब्रास जागा. दाबल्यावर तेवढी भरायला त्याहून बराच जास्त सुटा मुरूम, शिवाय जेसीबी, माती उचलणारा टिप्पर आणि रोलरचं भाडं. मुरूम काँक्रीटपेक्षा कितीतरी स्वस्त असला तरी हा खर्च दोन इंचांपेक्षा जास्त होऊ शकतो, हे मान्य. पण दोन इंचांनी काही मिळत नाही, आणि फोडायला, मलबा उचलायला, नव्याने ओतायला पुन्हा पैसे लागतात. ज्यांना एकदाही एवढं झेपत नाही त्यांनी सगळं अंगण करूच नये. गाडीच्या चाकांखाली दोन-दोन फूट रुंदीच्या दोनच पट्ट्या टाका, तीन-तीन फुटांच्या सुट्या तुकड्यांत, खाली तेवढ्याच रुंदीचा मुरूम दाबून. मधली जागा मुरमाची राहू द्या. एखादा तुकडा कलला तर दोन माणसं पहारीने त्याची कड उचलून खाली मुरूम सारू शकतात आणि संध्याकाळी गाडी परत आत लावता येते.